मीटरवरचे नव्वद

जातपडताळणीच्या अर्जाची पावती दीपमालाच्या हाती पडली तेव्हा जालन्यात दुपारचा दीड वाजून गेला होता, आणि मंठ्याच्या तहसील कार्यालयाचे दार तीन वाजता बंद होणार होते. ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. प्रभागातली जागा अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव असल्याने पावतीवाचून अर्ज निरर्थक होता. बाकीचे सारे कागद सह्यांनिशी नवऱ्यापाशी, कडूबापाशी, मंठ्यात तयार होते. दीपमालाचा अर्ज पडला नाही तर सोनूबाई बिनविरोध निवडून येणार होती. सोनूबाईविषयी कोणाची तक्रार नव्हती; तक्रार तिला उभे करणाऱ्या भागवतविषयी होती. बुद्धविहाराकडच्या वस्तीला नळाचे पाणी कधी सोडायचे, हे गेली कित्येक वर्षे त्याच्या मर्जीवर ठरत आले होते.

दीपमाला सकाळी एसटीने आली होती. परतीसाठी तिचा दीर आर्यन, जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला असलेला, आपली मोटारसायकल घेऊन कार्यालयाच्या फाटकाशी उभा होता. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जात होता, म्हणून ती त्याला अरेतुरे करी. राग आला म्हणजे मात्र नात्याने आणि आदराने बोले.

जालन्यातल्याच मंठा चौफुलीवर मंठ्यामार्गे परभणीला जाणारी एसटी प्रवासी भरून घेत उभी दिसली. दीपमालाने आर्यनच्या खांद्यावर थाप मारली.

"मला इथं उतरव. एसटीनं जाते."

"एसटी दहा जागी थांबती, वहिनी. ही गाडी आता पह्यल्यासारखी न्हाई राह्यली. मंठ्याच्या साजिदनं पुढचं स्प्रॉकेट बदललं, सायलेन्सर मोकळा केला, फिल्टर उघडा केला. पह्यले पंच्याण्णवच्या वर जात नव्हती, आता एकशे आठ दाखवती. पिकअप वाढला, अवरेज बी वाढलं."

"सगळंच वाढलं? मंग कमी काय झालं?"

"काहीच न्हाई."

"असं कापड मी पाह्यलं न्हाई बाबा," दीपमाला म्हणाली. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तीच शिवत असे. "काखेत सैल केलं की कुठंतरी ओढतंच."

"हे कापड न्हाई, मशीन हाय."

ती गाडीवरून उतरली नाही. या निर्णयाचा दोष तिने पुढे कधी आर्यनवर ढकलला नाही. घाईत असलेल्या माणसाला वेगाचे आश्वासन पुराव्यापेक्षा अधिक पटते, आणि ती घाईत होती.

चौफुली ओलांडताच वाहतूक पोलिसाने हात आडवा केला. गाडी नजरेस पडण्याआधी तिचा आवाज त्याच्या कानी पोचला असावा, कारण तो आधीच रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता.

"सायलेन्सर कुठून बसवला?"

"कंपनीचाच हाय, साहेब."

"कंपनीचा असा बोंबलत न्हाई. बाजूला घे."

क्रमांकाचा फोटो, सायलेन्सरचा फोटो, परवाना, विमा. आणि हातातल्या दंडाच्या यंत्राला नेटवर्क मिळेना म्हणून पोलिसाने ते आकाशाकडे धरले. दीपमाला खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, काय लिहायचं ते लिहा, पण जल्दी लिहा. मला उमेदवारी भरायचीय."

"मी लिहून राह्यलोय, बाई. मशीन लिहू देईना. आणि निवडणुकीला निघालात तर आधी या पोराला नियम शिकवा."

यात त्याची काही चूक नव्हती. परभणीची एसटी त्यांच्या शेजारून निघून गेली. खिडकीतल्या एका बाईने दीपमालाकडे पाहून उगाच मान हलवली. पोलिसाने त्यांना सोडले तेव्हा दोन वाजून पाच मिनिटे झाली होती.

"पन्नास मिनिटांत मंठा," आर्यन म्हणाला. "दाद्याला सांग, तहसीलच्या फाटकाशीच थांब."

तिने तसे कळवले. पुढे बोलणे अशक्य झाले. मोकळ्या सायलेन्सरचा आवाज कानांत नव्हे, दातांत जाणवत होता. रामनगर मागे पडले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता, रस्ता सरळ होता, आणि आर्यनच्या खांद्यावरून दीपमालाला मीटरवरचे आकडे स्पष्ट दिसत होते. नव्वद. त्या आकड्याकडे पाहून प्रथम तिचा जीव थोडा हलका झाला. मग तिची नजर कडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे गेली आणि मोजण्याची सवय असलेले तिचे मन आपोआप दोन्हींचा मेळ घालू लागले.

मेळ बसेना. दगड येण्यापूर्वीच मीटरवरचा किलोमीटर पुरा होत होता, आणि हा फरक दगडागणिक वाढत होता. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. सात दगड मागे पडले तेवढ्यात मीटर आठ किलोमीटर चालले होते.

तिने आर्यनच्या कानाशी तोंड नेले. "तुझं मीटर खोटं बोलतंय."

"काय?"

"मीटर! जास्त दाखवतंय!"

"कंपनीचं मीटर हाय ते!"

"मीटर कंपनीचं, पण स्प्रॉकेट साजिदचं!"

दगडांकडे तोही पाहू लागला आहे, हे तिला त्याच्या मानेवरून कळले.

प्रकार साधाच होता. साजिदने पुढचे दातेरी चक्र लहान बसवले होते. त्यामुळे गाडी जागेवरून उसळून निघे, हे खरे. पण तेवढेच अंतर तोडण्यासाठी इंजिनाला आता अधिक फिरावे लागे. या गाडीचे मीटर चाकाच्या फेऱ्या मोजत नव्हते, गिअरपेटीच्या मोजत होते. फेऱ्या वाढल्या म्हणून वेग वाढलेला दिसे, आणि अंतर वाढलेले दिसे म्हणून तेवढ्याच पेट्रोलवर गाडी अधिक चाललेलीही दिसे. साजिदने फसवले नव्हते. त्याने पिकअप मागणाऱ्याला पिकअप दिला होता. बाकीची सारी कमाई मीटरने आपल्या पदरची घातली होती.

हे कळल्यावर आर्यनने जे केले ते कोणत्याही तरुणाने केले असते. त्याने मूठ आणखी पिळली.

वाटूर फाट्याच्या अलीकडे परभणीची एसटी पुढे दिसू लागली. आर्यन तिच्या मागे गेला, क्षणभर उजवीकडे डोकावला आणि एक गिअर खाली टाकून बाहेर पडला. गाडी खरोखर उसळली. मागचे चाक, खिडक्या, खिडकीतली तीच मघाची बाई, हे सारे झपाट्याने मागे सरकले. आणि बसचे पुढचे चाक शेजारी आले तेव्हा गाडी बसच्या पुढे सरकायची थांबली. इंजिन ओरडत होते, पण पुढे जात नव्हते. ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की पेट्रोल तोडण्याची कंपनीने घातलेली सोय आपले काम चोख करीत होती. लहान चक्रामुळे ती मर्यादा फार लवकर आली होती, एवढेच. गिअर वर टाकायचे भान आर्यनला उरले नाही. समोरून उसाचा ट्रक येत होता.

दीपमालाने डोळे मिटले नाहीत. ट्रकच्या टपावर मागेपुढे डोलणाऱ्या उसाच्या मोळ्या तिला दिसत होत्या. पावतीची पिशवी तिने पोटाशी धरली होती आणि दुसऱ्या हाताने आर्यनचा सदरा. मागे व्हावे तर शेजारी अख्खी बस. पुढे जावे तर गाडी जाईना.

बसच्या ब्रेकचा कर्कश आवाज झाला. चालकाने बस डावीकडच्या मुरमावर उतरवून वेग कमी केला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत आर्यनची गाडी घुसली. ट्रक उजव्या कोपराच्या अंतरावरून गेला. उसाच्या शेंड्याचे एक वाढे दीपमालाच्या पदराला घासून गेले.

आर्यनने गाडी कडेला घेतली. बस शेजारी येऊन मंदावली आणि चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"ए हिरो, मागं बसलेल्या बाईला तरी विचारलं का, तिला बी मरायचंय का म्हणून?"

बस पुढे गेली.

"पिकअप तर खरंय ना, वहिनी," आर्यन म्हणाला. आवाजात वाद घालण्याची ताकद नव्हती. बुडणारा माणूस काडी धरतो तसे ते वाक्य त्याने धरले होते.

"पिकअप खरंय. पण आपल्याला मंठ्याला जायचंय, भाऊजी, पुढच्या गतिरोधकापर्यंत न्हाई." तिने मोबाइल काढला. "माझ्या टेपचं टोक एकदा झिजलं व्हतं. मी इंचभर कापून टाकलं आन् विसरले. हप्ताभर गावातल्या सगळ्या बाया जाड झाल्त्या. बाया तेवढ्याच व्हत्या. बंद करा गाडी, ह्या आवाजात तुमच्या भावाला काय ऐकू येणार?"

त्याने इंजिन बंद केले. कडूबाने पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"कुठवर आल्या?"

"वाटूरच्या अलीकडं. तीनच्या आत होत न्हाई."

"आर्यन तर म्हणला व्हता पन्नास मिनिटं..."

"त्याचं मीटर म्हणलं व्हतं. तुमी कुठं हायेत?"

"फाटकाशी. तुजी वाट पाहून राह्यलो."

"वाट पाहू नका. अर्ज घेऊन आत जा. सूचक तुमी हायेत, सूचकाला बी अर्ज देता येतो. तीनच्या आत जो दालनात असतो त्याला चिठ्ठी देतात, मंग त्याचा नंबर कधी बी येऊ द्या. पावती मी आणते."

कडूबा चार माणसांत बोलायला कचरणारा होता; ग्रामसभेत तो नेहमी खांबामागे बसे. "पावती नसताना आत काय सांगू? दारात भागवतची माणसं हायेत. आत्ताच एक जण इचारत व्हता, बायको रुसून गेली का म्हणून."

"हसू द्या. हसणाऱ्याला आत उभं राहायचं न्हाई, तुमाला राहायचंय. आपला नंबर आला की मागच्याला पुढं करा. सगळ्यात शेवटी राहा, पण आत राहा."

"आन् तू पोचलीच न्हाई तर?"

"मंग मी हरले. पण तुमी दाराबाहेर राह्यले तर दोघं बी हरलो."

तिने फोन ठेवला आणि आर्यनला म्हणाली, "आता सरळ चालव. पुढं कोणाला काढायचं न्हाई. उशीर किती व्हणार ते कळालंय, आता आणखी खोटं नको."

वाटूर फाट्यावर एसटी थांबली होती; तिला मागे टाकायला धाडस लागले नाही. उरलेला रस्ता दोघांनी न बोलता काढला. मीटर सत्तर दाखवत असे तेव्हा दीपमाला मनात साठ म्हणे. या हिशेबाने तिची भीती कमी झाली नाही. पण आता ती नेमक्या एका गोष्टीची भीती होती, आणि ती गोष्ट कडूबाच्या हाती होती.

तहसील कार्यालयाचे दार बंद झाले होते. दाराशी शिपाई आणि एक पोलीस उभे होते, आणि भागवत स्वतः पायरीवर बसून कोणाला तरी फोनवर सांगत होता की आता हार आणायला हरकत नाही. दीपमाला धावत आलेली पाहून त्याने फोन कानापासून दूर धरला.

"तीन वाजून गेले, ताई. दार बंद झालं."

ती दाराकडे गेलीच नाही. दालनाच्या कडेची खिडकी उघडी होती. तिला गज होते. आत बाकावर एकटा कडूबा उरला होता, मुठीत घामाने ओली झालेली चिठ्ठी. टेबलामागच्या अधिकाऱ्याने त्याच क्षणी त्याचे नाव पुकारले होते, आणि पुढे करायला मागे कोणीही उरले नव्हते.

"अहो," दीपमालाने हाक मारली आणि गजांतून पावतीचा हात आत घातला.

कडूबा उठला. अर्ध्या दालनाचे अंतर. पण अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिले आणि तो जागीच थबकला.

"बाहेरून काय घेताय?"

गजांतून आत दीपमालाचा हात तसाच ताणलेला होता. बोलायला तोंड उघडले होते, ते तिने मिटले. हे उत्तर आतल्या माणसानेच द्यायला हवे होते. मागे भागवत पायरीवरून उठून खिडकीपाशी आल्याचे तिला पावलांवरून कळले.

"पावती, साहेब," कडूबा म्हणाला. त्याने घसा साफ केला. "अर्ज आत हाय, सूचक आत हाय, चिठ्ठी तीनच्या आतली हाय. उमेदवार तेवढी बाहेर हाय."

"साहेब, हे नियमात बसत न्हाई," भागवत गजांतून बोलला.

"तुम्ही कोण?" अधिकाऱ्याने विचारले. "उमेदवार का सूचक?"

भागवत दोन्हींपैकी काहीच नव्हता. अधिकाऱ्याने चिठ्ठी मागून घेतली, तिच्यावरची वेळ पाहिली, शेजारच्या कारकुनाशी हलक्या आवाजात दोन वाक्ये बोलला. त्या दोन वाक्यांचा काळ दीपमालाला ट्रकच्या वेळेपेक्षा मोठा वाटला. मग त्याने खिडकीकडे मान हलवली.

"घ्या. जल्दी."

कडूबाने पावती घेतली. कागद लावले गेले, तपासले गेले, आणि शिक्का उमटल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. दीपमालाने हात गजांतून मागे घेतला तेव्हा मनगटावर गंजाचा पट्टा उठला होता.

व्हरांड्याच्या टोकाला सोनूबाई सकाळपासून नव्या लुगड्यात बसून होती. तिने दीपमालाला जवळ बोलावले आणि पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली.

"भरला का गं?"

"भरला, मावशी."

सोनूबाईने पायरीकडे पाहिले. भागवत पुन्हा फोनवर होता. या वेळी हाराचे बोलत नव्हता.

"मला म्हणले व्हते बिनविरोध हाय, फक्त सही कर," ती म्हणाली. "आता मंग घरोघर हिंडावं लागंल. वस्तीतल्या बायांनी पाण्याचं इचारलं तर काय सांगू त्यांना?"

दीपमालाने एका दमात अर्धी बाटली रिकामी केली आणि तिच्या शेजारी बसली.

"तेच तर इचारायचंय समद्यांना," ती म्हणाली.