आत येणारा उजेड

"काका, पाणी खाली चाललंय," इंद्रायणी म्हणाली.

गुरुशांत एका जुन्या मीटरचं झाकण बसवत होता. त्यानं मान वर केली नाही. "आकडा खाली चाललाय, मॅडम. पाणी न्हाय. चित्राकडं बगा की."

तिनं चित्राकडं पाहिलं. बॉयलरच्या अगदी माथ्यावर ड्रम, म्हणजे पाण्याची जाडजूड पोलादी टाकी. आत पाणी किती आहे ते टाकीच्या अंगाला लावलेल्या काचेत दिसतं. त्या काचेसमोर कॅमेरा होता आणि त्याचं चित्र फायबरमधून, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या बारीक तारेतून, खाली कंट्रोल रूममध्ये येत होतं. चित्रात पाणी काचेच्या निम्म्यावर होतं. शेजारच्या स्क्रीनवरचा आकडा मात्र मघापासून घसरत होता.

"दोन्ही एकाच पाण्याचे आहेत ना?"

"त्यो आकडा दोन दिस झाले खुळ्यागत करतोय. आजबी सकाळी त्याचं मीटर साफ केलं. तुमी चित्र धरा."

इंद्रायणीनं नजर पुन्हा चित्रावर नेली. या हंगामातच ती शिफ्ट इंजिनिअर म्हणून सोलापूरहून इथं येऊ लागली होती. गुरुशांत मात्र मिसरूड फुटल्यापासून याच साखर कारखान्यात होता. आकडा असा त्रास द्यायला लागल्यावर, पाणी कमी झालं की बॉयलर आपोआप बंद पडायची सोय चीफसाहेबांनी काढून ठेवायला लावली होती. सारखी मिल थांबून चालणार नव्हतं. मग भरवसा उरला तो चित्रावर, आणि चित्र गुरुशांतचं होतं.

म्हणजे कॅमेरा बसवायचा हट्ट त्याचा होता. चीफसाहेबांच्या मागं लागून त्यानं तो मंजूर करून घेतला होता, फायबर स्वतः जिन्याच्या कडेनं वरपर्यंत ओढलं होतं. कुणी पाहुणा आला की तो आधी फायबरच्या खालच्या टोकाचा रिसीव्हर दाखवायचा, उजेडाचं पुन्हा चित्र करणारा डबा. "फायबरमधला उजेड कमी झाला तर ह्यो गडी सोताच जोर वाढवतो. चित्र फिकं म्हणून पडायचं न्हाय. ह्यो हिरवा दिवा दिसतोय न्हवं? त्यो लागलाय तवर बिनघोर ऱ्हावा."

दिवा आत्ताही लागलेला होता.

"काका," इंद्रायणी दिव्याकडं बघत म्हणाली, "हा दिवा आत येणारा उजेड बघतो, की जोर वाढवून झाल्यावर बाहेर पडणारा सिग्नल?"

"म्हंजे?"

"म्हणजे आत काहीच येत नसेल आणि रिसीव्हर नुसती खरखर मोठी करून बाहेर सोडत असेल, तरी दिवा हिरवाच राहील का?"

गुरुशांत हसायला गेला, पण हसू ओठावरच राहिलं. इतक्या जणांना त्यानं तो दिवा दाखवला होता. असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. तो उठून पडद्याजवळ गेला. काचेतलं पाणी कधी स्वस्थ नसतं. बॉयलर चालू असला की ते थरथरतं, बोटभर वर-खाली होतं. चित्रातलं पाणी हलत नव्हतं.

त्यानं वरचा फोन लावला. वर मायाप्पा होता, बॉयलर अटेंडंट आणि त्याचा साडू. दोघांची लग्नं एकाच मांडवात लागली होती. घंटी वाजत राहिली, फोन कुणी उचलला नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. इंद्रायणीनं उचलला. चीफसाहेबांचा आवाज गुरुशांतलाही ऐकू येत होता. "स्टीमचं प्रेशर का हलतंय? गव्हाणीत ऊस भरलाय, मिल थांबता कामा नये."

"सर, लेव्हलचा आकडा फार खाली आलाय. चित्र मात्र नॉर्मल दाखवतंय."

"गुरुशांत आहे ना तिथं? तो काय म्हणतो?"

तिनं गुरुशांतकडं पाहिलं. तो अजून चित्रातल्या न हलणाऱ्या पाण्याकडं बघत होता. "एक मिंट थांबा म्हणावं."

तिनं फोन बाजूला ठेवला आणि तिचा हात पाणी वाढवायच्या बटणाकडं गेला. गुरुशांतनं झटकन तिचं मनगट धरलं. "न्हाय. ड्रम रिकामा झाला आसंल तर नळ्या तापून लाल झाल्या असतील. त्यात गार पाणी सोडलं तर बॉयलर फुटंल. वर मायाप्पा हाय."

"मग बंदच करू या."

"आन् चित्र खरं आसंल तर?"

असं तो बोलला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तो रिसीव्हर ठेवलेल्या रॅकच्या मागं गेला. फायबर ज्या टोकाशी रिसीव्हरला जोडलेलं होतं, ते टोक त्यानं चाचपून धरलं. बोटं घामानं घसरत होती. टोक फिरवलं आणि ओढून काढलं. आता वरून उजेडाचा थेंबही खाली येत नव्हता.

"मॅडम, चित्र गेलं?"

इंद्रायणी पडद्यापाशी वाकली.

"नाही काका. आहे तसंच आहे."

तो पुढं आला. काढलेलं फायबर मागं लोंबत होतं, रिसीव्हरवर दिवा हिरवागार होता आणि पडद्यावर पाणी काचेच्या निम्म्यावर शांत उभं होतं. धड चित्र मिळेनासं झाल्यावर पडद्यानं शेवटचं चांगलं चित्र धरून ठेवलं होतं. कधीपासून, कुणास ठाऊक.

गुरुशांतनं बॉयलर बंद करायच्या लाल बटणावरचं झाकण उघडलं आणि तळहातानं बटण दाबलं.

बगॅस, म्हणजे जळणाला लागणारा उसाचा चोथा, भट्टीत यायचा थांबला, पंखे मंदावत गेले. मग मिलची घरघर उतरत उतरत बंद झाली. टेबलावर आडव्या पडलेल्या फोनमधून साहेबांचा आवाज येत राहिला. गुरुशांत तेव्हा जिन्यावर होता.

वर धग अंगावर येत होती. मायाप्पा त्याच्या जागेवर नव्हता. तो काचेजवळ, कॅमेऱ्याच्या तोंडासमोर कठड्याला टेकून बसला होता. फोन खांबावर जागच्या जागी होता. तिथल्या आवाजात त्याची घंटी कुणालाच ऐकू गेली नसती. मायाप्पाचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते. पाण्याचा व्हॉल्व्ह मधेच अडकला होता आणि तापलेलं चाक त्यानं हातांनी फिरवून पाहिलं होतं. ते हललं नव्हतं. काच तळापर्यंत कोरडी होती.

"खाली का आला न्हाईस?" गुरुशांत ओरडला.

मायाप्पानं त्याच्याकडं पाहिलं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. "कशाला येऊ? तू बगलालास म्हनून हितं उभारून हात करलालो. किती येळ झाला. दोन्ही हात वर करून दावलालो की." त्यानं कॅमेऱ्याकडं मान केली. "तुला दिसलालो न्हाय व्हय?"

गुरुशांतनं त्याला काखेत हात घालून उभं केलं.

नळ्या वाचल्या. वरच्या धगीत फायबर कडक होऊन मुरडलं होतं, काही आठवड्यांपासून त्यातला उजेड कमी कमी होत गेला होता आणि रिसीव्हर इमानानं जोर वाढवत राहिला होता. चीफसाहेब आले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून बंद केला. इंद्रायणी म्हणाली, "आम्ही दोघांनी." साहेबांनी तळाला गेलेल्या आकड्याकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. आपोआप बंद पडायची सोय काढायला लावलेली त्यांना आठवली असावी.

"दिवा मी दावत फिरत हुतो, साहेब," गुरुशांत म्हणाला. "त्यो आतला उजेड बगत न्हाय. आत्ता कळलं."

संध्याकाळी कारखान्याच्या दवाखान्यात मायाप्पा खाटेवर बसला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्टीत होते. गुरुशांतनं कँटीनमधून चहा आणला. कप कुठं ठेवायचा ते त्याला समजेना. मग तो खाटेच्या कडेला बसला, चहावर दोनदा फुंकर मारली आणि कप मायाप्पाच्या ओठांना लावला.

मायाप्पानं तोंड खिडकीकडं वळवलं. गाळपाच्या मळीचा वास आत येत होता. बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग मिल बंद असल्यानं तशीच उभी होती. जरा वेळानं त्यानं मान वळवली आणि गुरुशांतकडं न बघता एक घोट घेतला, मग दुसरा. कप संपेपर्यंत गुरुशांतनं त्यातला थेंबही सांडू दिला नाही.