निर्दोष ठरवलेले कुलूप

"कुलूप निर्दोष. दार न उघडणे ही वापरणाऱ्याची चूक."

मित्रांनो, गॅरेजच्या शिक्क्यानिशी दिलेला हा निर्वाळा ज्याच्याबद्दल आहे, ते कुलूप मी. एका जुन्या मोटारीच्या मागच्या डाव्या दारात अकरा वर्षे बसलो आहे. निर्दोष ठरल्याचा आनंद कोणालाही व्हावा. मला झाला नाही. कारण हे लिहिणारा गृहस्थ त्या दाराच्या आत क्षणभरही बसला नव्हता.

माझी घडण साधी आहे. दार पकडणारा एक पोलादी जबडा आणि दोन सळया: एक बाहेरच्या हँडलला जोडलेली, एक आतल्या. शिवाय दाराच्या कडेला नखाएवढा खटका. तो खाली असला की दार आतून उघडत नाही, बाहेरून मात्र निमूट उघडते. धावत्या गाडीतून लहान मूल पडू नये, एवढाच त्याचा हेतू. मालकांची लेक मोठी झाली तेव्हा तो वर सरकवला गेला आणि सगळे त्याला विसरले.

पुष्कळ वर्षे माझे कौतुक झाले. "आवाज ऐका, तिजोरी लावल्यासारखा!" असे मालक पाहुण्यांना सांगत. मग ग्रीस वाळले, धूळ बसली, दार तीनतीनदा आपटावे लागू लागले. एका रविवारी मालकांनी स्वतःच दुरुस्ती काढली. दाराचे आतले आवरण उतरवले, ग्रीस खरवडले, तेल सोडले. काम मन लावून केले, हे मी नाकारत नाही. पण जबडा मोकळा करताना पेचकस घसरला आणि खटका खाली गेला. मालकांच्या ते लक्षात आले नाही. त्यांनी अंगणात उभे राहून दार दहा वेळा उघडले, दहा वेळा लावले.

"झालं! मेकॅनिकने याहून काय वेगळे दिवे लावले असते?"

पुढच्याच आठवड्यात मागच्या सीटवर, माझ्या बाजूला, मालकांचे वडील बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. चाळीस वर्षे शिंपीकाम केलेले. मालक औषधांच्या दुकानात गेले. ऊन तापले. शेजारी खोकी रचलेली, काचा बटणावरच्या, किल्ली मालकांच्या खिशात. अण्णांनी हँडल ओढले. पुन्हा ओढले. सळई हलत होती, पण ती ओढ माझ्या जबड्यापर्यंत पोचत नव्हती. वीस मिनिटांनी मालक आले आणि त्यांनी बाहेरून दार एका बोटाने उघडले.

"अहो अण्णा, उघडतंय की! हँडल ओढायचं असतं, ढकलायचं नाही."

"ओढलंच रे मी."

"बरं, बरं."

या 'बरं, बरं'मध्ये जेवढा निष्ठुरपणा होता, तेवढा मी कुठल्या हातोडीतही पाहिला नाही. अण्णा हेका सोडीनात म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली; तिथे मेकॅनिकनेही दार बाहेरूनच उघडून पाहिले आणि निर्वाळ्याच्या चिठ्ठीवर शिक्का उमटवला. त्या चिठ्ठीच्या आधाराने अण्णांना आता काही उमजत नाही असे घरात ठरले; त्यांनी स्वतःला आत कोंडून घेऊ नये म्हणून त्यांच्या खोलीची कडी निघाली, सूनबाईंनी कात्री कपाटात बंद केली. हे सारे मी गाडीतल्या बोलण्यातून ऐकले. अण्णांनी आधी वाद घातला, मग हसण्यावारी नेले, आणि शेवटी त्यांनाही ते पटले. हे पटणे मला सर्वांत जास्त सलते. गाडी थांबली की ते हात मांडीवर ठेवून बसून राहत, कोणीतरी दार उघडेपर्यंत.

काल लेक गाडी चालवत होती. मालक माझ्या बाजूला, शेजारी अण्णा. गाडी थांबली. मालकांनी हँडल ओढले. पुन्हा ओढले.

"बाबा, ओढायचं असतं, ढकलायचं नाही!" लेक खिदळली.

मालक हसले नाहीत. उघड्या काचेतून हात बाहेर घालून त्यांनी दार उघडले, कडेला वाकून पाहिले. खाली पडलेला खटका आणि त्याच्यालगतचा पेचकसाचा ओरखडा त्यांना दिसला.

मित्रांनो, घरी जरूर दुरुस्ती करा. पण जो आत बसणार आहे, त्याच्या जागी एकदा बसून पाहा. आणि कोणी 'मी ओढलं' म्हणाले, तर आधी कुलूप तपासा, माणूस नंतर. मला वाचा नव्हती. अण्णांना होती, तरी त्यांचे कोणी ऐकले नाही.

मालक अण्णांकडे वळले. मग जे बोलले, ते शब्दशः असे:

"अण्णा, तुम्ही बरोबरच ओढलं होतं. खटका माझ्या हातून पडला. मी बाहेरूनच उघडून पाहिलं, आणि दोष मात्र तुमच्यात शोधत बसलो."