वरच्या आळीचं सोवळं सांडपाणी

रुख्मिणीबाईंना वरच्या आळीच्या बातम्या सांगायला कोणी येत नसे. त्या पाण्याबरोबर येत. पूर्णा गावात उताराच्या माथ्यावर आळी, पायथ्याशी बुद्धनगर, आणि आळीची उघडी नाली बरोबर रुख्मिणीबाईंच्या उंबऱ्यासमोरून जाणारी. सकाळी फेस आला की भुजंगरावांकडे धुणं निघालं. तांबडा तवंग आला की काल तिथं मटण होतं. त्या दिवशी पाणी पिवळं आलं.

"भुजंगरावाच्या पोरीची हळद दिसायलीय," पायाच्या बोटांत खोबरेल भरत त्या सुनेला म्हणाल्या. चाळीस वर्षं त्याच पाण्यातून ये-जा करून बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या.

"तुमाला बलावणं हाय का?" संघप्रियाने विचारलं.

"आलंय की. दारातूनच चाललंय."

त्याच आठवड्यात भुयारी गटारीचे पाइप येऊन पडले. काम आळीचं आणि बुद्धनगरचं मिळून मंजूर होतं, पण खोदायला सुरुवात झाली बुद्धनगरातून. चाळीस वर्षं ज्या आळीने खाली मान वळवून पाहिलं नव्हतं, ती आता गच्चीवर चढून पाहू लागली. शेजाऱ्याच्या मोटारीवर जळणारी माणसं गावोगाव सापडतात. गटारीवर जळणं हा मान पूर्णेच्या या आळीचा.

भुजंगराव तडक नगरपरिषदेच्या इंजिनिअरबाईंकडे गेले. त्यांचं नाव अर्पिता.

"मॅडम, सुरुवात त्यांच्यापासून कामून?"

"पाणी खाली वाहतं, काका. म्हणून पाइप खालून वर टाकत यायचा असतो."

"मग उतार बदला."

उतार नगरपरिषदेच्या अखत्यारीत नाही, असं अर्पितामॅडमनी गंभीरपणे सांगितलं.

"बरं. आमचं पाणी त्यांच्या पाइपात त्यांच्या पाण्यासंगं मिसळणार?"

"हो."

"ते कसं चालंल?"

"काका, ते सांडपाणी आहे."

"असंल. पण आमचं हाय."

आळीतून जोडणीचा एकही अर्ज गेला नाही. सोमवारपर्यंत निदान एक तरी आला नाही, तर काम दुसऱ्या वॉर्डात जाईल, असं मॅडमनी दोन्हीकडे कळवलं.

रविवारी भुजंगराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, विटांवर पाय देत रुख्मिणीबाईंच्या दारी आले. हातात टाइप केलेला कागद. संघप्रियाने तो मोठ्याने वाचला: बुद्धनगरची माणसं आपली घरं वेगळ्या पाइपाला जोडून घेतील, आळीच्या लाइनीत आपलं पाणी सोडणार नाहीत. बुद्धनगरच्या वतीने खाली रुख्मिणीबाईंनी सही करायची. मग आळीचे सोळा अर्ज लगेच जातील.

"करून टाका, मावशी," दारात जमलेल्या गर्दीतून कोणी म्हणालं. "येगळा तर येगळा. दार तर कोरडं हुईल."

सगळे रुख्मिणीबाईंच्या पायांकडे बघत होते. त्यांनीही पाहिलं. मग कागदाची घडी करून परत दिली.

"भुजंगराव, उघडं होतं तवा तुमचं पाणी माज्या घरात सुदिक शिरलं. मी काई बाटले न्हाई. आता झाकल्यावर तुमी बाटायलात व्हय? न्हाई देत सही. पाय ऱ्हाऊ द्या असेच."

भुजंगराव परत निघाले. विटेवरून एक पाय घसरला तो घसरलाच. बूट आळीच्याच पाण्यात भिजला, पण शिव्या त्यांनी बुद्धनगराला दिल्या.

सोमवारी सकाळी त्यांची बायको सविता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खालच्या टोकाच्या तीन घरांना जोडणी आधीच मिळाली होती. तिथली बबिता कोरड्या अंगणात खाट टाकून शेंगा फोडत बसली होती. अंगणात रांगोळीही होती. इकडे हळदीच्या दिवशी सविताच्या न्हाणीघरातून पाणी उलटलं होतं आणि विहीण नाकाला पदर लावून जेवली होती. सविताने चिमटे तसेच टाकले आणि नगरपरिषद गाठली. समता, बंधुता वगैरे विचार तिच्या मनाच्या आसपासही नव्हते. तिला बबिताची खाट बघवत नव्हती, एवढंच. घर तिच्या नावावर होतं. तिने अर्जावर सही केली.

"मला न इचारता?" भुजंगराव म्हणाले.

"घर माज्या नावावर करताना तुमी तरी कुठं इचारलं होतं मला."

दुपारपर्यंत आळीत बातमी पसरली, की पहिली जोडणी भुजंगरावांना मिळतेय. आपल्याआधी भुजंगराव? संध्याकाळी नगरपरिषद बंद व्हायच्या आत उरलेले पंधरा अर्ज पोचले. सुधारणा माणसाच्या विवेकातून येते, असं व्याख्यानांत सांगतात. पूर्णेत ती आली त्या वाटेची व्याख्यानं सहसा होत नाहीत.

एकच पाइप पडला. नाली बुजली. दोन महिन्यांनी रुख्मिणीबाईंच्या बोटांना नवी कातडी धरली. एका दुपारी सविता खाली आली. आपल्या दारापेक्षा यांचं दार जास्त नीट झालंय का, हे बघायचं होतं.

"चिखल असायचा ना इथं, रुख्मिणबाई," ती उभ्यानेच म्हणाली. "म्हणून येणं झालं न्हाई कदी."

"चिखल तर तुमच्याच घरचा होता, बाई."

रुख्मिणीबाईंनी घरातून खुर्ची आणून अंगणात ठेवली.

"आता न्हाई ऱ्हायला. बसा."

वर गच्च्यांवर माणसं जमली होती. सविता खुर्चीकडे बघत उभी राहिली. जमीन कोरडी होती, आणि न बसण्याचं कारण काही केल्या तिला पटकन सुचत नव्हतं.