निळा शिंपला

मित्रांनो, आधी माझे बूड नीट पाहा, मग माझी गोष्ट ऐका. मी एक जुना ओळंबा आहे. पण गवंड्याचा नव्हे, समुद्राचा. फुटक्या नळांचे शिसे वितळवून ओताऱ्याने मला बत्त्यासारखा आकार दिला आणि बुडाला एक खळगा ठेवला. त्या खळग्यात मेण भरायचे आणि मला दोरीने पाण्यात सोडायचे. दोरीवरून खोली कळते आणि तळाशी जे असेल ते मेणाला चिकटून वर येते.

माझे मालक एक बोटवाले काका होते. दर वेळी माझे बूड पाहून ते वहीत लिहीत: वाळू, चिखल, खडक किंवा शिंपला. पाचवा शब्द त्यांच्या वहीला ठाऊकच नव्हता.

त्या काळी गावातल्या एका सायकलवाल्याने आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या त्याच्या बायकोने दुकानामागे चक्क विमान बांधले! आमचे आखात तोवर कोणीही उडून ओलांडले नव्हते. दोघांना घेऊन विमान उडाले, तेव्हा ओरडून ओरडून गावाचा घसा बसला. पण विमान पलीकडे पोहोचलेच नाही.

कोणीतरी म्हणाले, "आवाज परत येताना ऐकला मी. घाबरून मागे फिरले असणार." झाले! साऱ्या बोटी अलीकडेच शोधत राहिल्या. मीही सहा दिवस खाली-वर केले; नुसता चिखल. शोध थांबला, टोमणा मात्र थांबला नाही. कोणी काम अर्धवट सोडले की लोक म्हणत, "काय रे, सायकलवाला झालास का?" त्यांची सात वर्षांची मुलगी हे ऐकतच मोठी झाली.

बऱ्याच वर्षांनी काका पलीकडच्या किनाऱ्याजवळ खोली मोजत होते. मी तळाला टेकलो आणि 'धप्प' होण्याऐवजी 'ठण्ण' झाले! वर आलो तर मेणात नखाएवढी निळी कपची. काकांनी ती पाहिली आणि लिहिले, "शिंपला, निळा." कपची काड्यापेटीत गेली, काड्यापेटी दोऱ्याने वहीला बांधली गेली. मी आतल्या आत किती ओरडलो! पण शिशाला तोंड कुठे असते?

काका गेले. खोली सांगणारे यंत्र आले आणि मी दार अडवायच्या कामी लागलो. लोक मला ठेचकाळत आणि वर मलाच शिव्या देत.

एके सकाळी त्याच दारातून पांढऱ्या केसांच्या मावशी आल्या. सायकलवाल्याची मुलगी ती याच. बोट आता काकांची लेक चालवते. सगळे तिला ताई म्हणतात.

"वह्या बघू दे गं," मावशी म्हणाल्या.

"दरवर्षी बघता मावशी. चिखलाशिवाय काय असतं त्यात?"

"अलीकडच्या किनाऱ्याच्याच बघितल्यात. आता पलीकडच्या दे. खरं सांगू? मलाही वाटायचं, फिरले असतील मागे."

त्यांनी काड्यापेटी उघडली. कपची उन्हात धरून उलटी केली.

"ताई, हा शिंपला नाही. रंग आहे हा!"

"कशावरून?"

"वरून निळा, आतून पिवळा! विमानाचं नाक मी पिवळं रंगवलं होतं. आई म्हणाली, 'अगं, हे विमान आहे की केळं?' म्हणून वरून निळा दिला."

ताईने वही ओढली. काकांनी जागेची खूण लिहिली होती: दीपगृह आणि मोठा खडक एका रेषेत. तिने पाणबुड्याला हाक मारली आणि मला उचलले. "चल रे म्हाताऱ्या! यंत्र नुसती खोली सांगतं. खाली काय आहे, ते तूच सांगशील."

धप्प. धप्प. नऊ वेळा धप्प! मावशींनी बोटीचा काठ घट्ट धरला होता. दहाव्यांदा ठण्ण! मेणात निळ्या-पिवळ्या कपच्याच कपच्या! पाणबुड्याने उडी घेतली. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात पितळेची घंटा होती, सायकलची.

"खाली इंजिन आहे," तो धापा टाकत म्हणाला. "पण विमानाला घंटा कशाला?"

"ढग आडवे आले तर वाजवायला. बाबाच म्हणाले होते!"

ताईने किनाऱ्याकडे बोट दाखवले. तो इतका जवळ होता की दोरीवर वाळणारे कपडे मोजता येत होते. "मावशी, मागे कुठले फिरतायत? पोहोचलेच होते की हो!"

मावशी रडता रडता हसल्या आणि खरेच मोजू लागल्या. "एक सदरा... दोन चादरी..."

आता मी फळीवर असतो, त्या घंटेशेजारी. ताईने वहीत पाचवा शब्द लिहिला आहे: विमान.

मित्रांनो, जुनी वस्तू दाराशी टाकण्याआधी तिचे बूड पाहत जा. आणि जे ओळखू येत नाही, त्याला ओळखीचे नाव चिकटवू नका. जागा कोरी ठेवा. आमच्या काकांनी तेवढी एक ओळ कोरी सोडली असती, तर मावशींचे केस काळे असतानाच ती घंटा वर आली असती.