ढोल न वाजवल्याचा पुरावा

उल्हास हर्डीकरांचे कान गेले होते, यात कुणालाच शंका नव्हती. सिंगापुरात सेम्बावांगच्या एका शिपयार्डात एकोणीस वर्षं जहाजांच्या पोटात उभं राहून पोलाद घासणाऱ्यांवर देखरेख करायची, म्हणजे कान जाणारच हो! डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासलं आणि सांगितलं की असल्या कामात बारीक, टिपेचे आवाज आधी जातात. म्हणजे नेमका लेकीचा, जाईचा आवाज. नऊ वर्षांची ती पोर शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बोलायला सुरुवात करायची आणि उल्हासराव नुसतं "हो का? अरे वा!" करत मान डोलवायचे. एकदा ती पडून गुडघा फुटल्याचं सांगत होती, तेव्हाही "अरे वा" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शिपयार्डच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळाली की दोन्ही कानांना उत्तम यंत्रं घ्यायची, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

क्लेम तपासायला आला निशिकांत. मूळचा गिरगावचा, त्यामुळे पुणेकरांविषयीचं मत घरूनच घेऊन आलेला. प्रेमावहिनींनी पुढे ठेवलेले पोहे त्याने चवीने खाल्ले, लॅपटॉप उघडला आणि स्क्रीन उल्हासरावांकडे वळवली.

"फेसबुकवरचे तुमचे एकशे बारा फोटो," तो मोठ्याने म्हणाला. "प्रत्येकात कमरेला ढोल. आता मला सांगा उल्हासराव, कान शिपयार्डात गेले की ढोल-ताशा पथकात? पथकात गेले असतील तर शिपयार्डाची जबाबदारी संपली. आणि आमचीही."

उल्हासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण खरी गोष्ट अशी होती की त्यांना ढोल येतच नव्हता. अजिबात! अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ साली, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी पथक उभं राहिलं. पथकप्रमुख रवींद्रने विचारलं, "पुण्याचे ना तुम्ही? मग काय, येतच असेल!" आणि ढोल कमरेला बांधूनच टाकला. पुण्याचा माणूस "येत नाही" म्हणेल? जीव गेला तरी नाही. उल्हासराव मागच्या ओळीत उभे राहिले आणि टिपरू कातड्यापासून बोटभर अलीकडे थांबवू लागले. हे हवेतलं वादन किती दिवस चालणार, या काळजीत असतानाच रवींद्र म्हणाला, "उल्हासराव, जरा सरावाच्या जागी गेटवर बसता का? तो गार्ड तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही." तेव्हापासून दर रविवारी हेच. मिरवणुकीच्या दिवशी गाड्यांचं पार्किंग. शेवटी मात्र धावत येऊन ढोल बांधायचा आणि फोटोत पहिल्या ओळीत उभं राहायचं. बाप्पाच सांभाळून घेतोय, अशी त्यांची समजूत.

हे सगळं निशिकांतला तिथल्या तिथे सांगून टाकायला काय हरकत होती? होती ना! शेजारी प्रेमावहिनी बसल्या होत्या. त्यांनी माहेरी, सासरी आणि सोसायटीच्या ग्रुपवर नवऱ्याच्या ढोलाचं कौतुक करून ठेवलं होतं. आणि जाई तर बाबा ढोल वाजवतात म्हणूनच मुलांच्या वर्गाला जाऊन ताशा शिकली होती.

"वाजवतो," उल्हासराव म्हणाले. "पण हळू वाजवतो."

"हळू? ढोल?" निशिकांतने ते लिहून घेतलं. "रविवारी सरावाला येतो. लोकांशी बोलावं लागेल."

आता शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? उल्हासरावांनी रवींद्रला फोन केला. "विम्याचा माणूस येतोय. माझ्याबद्दल जरा चांगलं सांगा हं सगळ्यांना!" आपली माणसं असतात ना, चांगलं सांगा म्हटलं की हात राखून सांगतच नाहीत.

सराव तुआसला, कारखान्यांच्या भागातल्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये व्हायचा. वस्तीत वाजवलं की पोलिसांना फोन जातात. रविवारी प्रेमावहिनी आणि जाईही पहिल्यांदाच सराव बघायला आल्या. निशिकांत सकाळीच वही घेऊन पोचला आणि लोकांनी त्याला गराडाच घातला. उल्हासराव म्हणजे पथकाचा कणा! अकरा वर्षांत एक सराव बुडवला नाही! चैताली नावाची आयटीतली मुलगी तर म्हणाली, त्यांच्या ढोलासमोर उभं राहिलं की दोन दिवस कानात घंटा वाजतात. निशिकांत लिहितोय, लिहितोय, आणि उल्हासराव लांबून खुणा करतायत, पुरे, पुरे. लोकांना वाटलं, काय विनयशील माणूस आहे!

एवढ्यावर थांबतील तर ते मंडळ कसलं? रवींद्रने माइक हातात घेतला. "आज आपण उल्हासरावांचा सत्कार करणार आहोत." शाल आली, श्रीफळ आलं, आणि लॅमिनेट केलेलं मानपत्र आलं. रवींद्रने ते खणखणीत आवाजात वाचलं. "अकरा वर्षं अखंड, कानठळ्या बसवणाऱ्या ढोलवादनाबद्दल..." टाळ्यांचा कडकडाट झाला. निशिकांतने पुढे होऊन मानपत्राचा फोटो काढला, जवळून, अक्षरं दिसतील असा.

शाल पांघरून, नारळ छातीशी धरून उल्हासराव उभे. समोर जाई काहीतरी ओरडत होती. ओठ हलताना दिसत होते, हसू दिसत होतं, शब्द मात्र एक नाही. आणि इतक्या वर्षांची सगळी अब्रू त्यांनी एका दमात सोडून दिली.

"मला ढोल येत नाही!" ते माइकवर गरजले. "कधीच आला नाही! मी फक्त फोटोपुरता बांधतो!"

प्रेमावहिनींनी तोंडावर पदर... पदर कुठला, टी-शर्ट होता, हात ठेवला. रवींद्रने खाली मान घातली.

"उल्हासराव," तो जवळ येऊन, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या रविवारीच कळलं होतं. एकदा तुमचं टिपरू चुकून लागलं आणि अख्ख्या पथकाचा ताल गेला. म्हणून तर तुम्हाला गेटवर पाठवतो."

"म्हणजे गार्ड माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, ते?"

"तो सगळ्यांचं ऐकतो हो. फार सज्जन माणूस आहे."

उल्हासरावांना रडावं की चिडावं कळेना. "अहो मग सांगायचं नाही का मला, मेल्यांनो?"

"कसं सांगणार? तुम्ही दर रविवारी इतक्या खुशीत यायचात. कुणाची जीभ रेटली नाही."

निशिकांतने वही मिटली. "थांबा. क्लेम अडकतोय म्हटल्यावर आता सगळे फिरलात. वाजवून दाखवा."

उल्हासरावांनी शाल काढून ढोल बांधला आणि वाजवला. जे झालं ते सांगवत नाही. टिपरू एकदा कातड्यावर, एकदा कडीवर, एकदा थेट स्वतःच्या गुडघ्यावर. निशिकांतने डोळे घट्ट मिटून घेतले. मुद्दाम वाईट वाजवता येतं, पण इतकं मनापासून वाईट वाजवता येत नाही, हे गिरगावकरालाही पटलं. तरी त्याने ढोलाचं पान, म्हणजे ते कातडं, निरखून पाहिलं. इतरांच्या ढोलांवर काळा घट्टा पडलेला, यांचं पान दुकानातून आणल्यासारखं कोरं. मग तो गेटवर गेला. गार्डने वह्या काढून दिल्या. दर रविवारी यांची सही, बंद केबिनमध्ये, एसीत, ढोलांपासून लांब.

"पुरावा भक्कम आहे," परत येऊन तो म्हणाला. "कान शिपयार्डातच गेले, असंच मी लिहिणार. फक्त या जबाबावर सही करा."

उल्हासरावांनी कागद वाचला. मी, उल्हास हर्डीकर, राहणार मूळ पुणे, असं लिहून देतो की मला ढोल वाजवता येत नाही. पेन हातात थबकलं. "'मूळ पुणे' काढता येईल का?"

"नाही."

"मग 'हल्ली वाजवत नाही' असं लिहूया का?"

"नाही हो उल्हासराव."

प्रेमावहिनी त्यांच्या कानाशी आल्या आणि ओरडल्या, "अहो, करा सही! मी तुमच्याशी लग्न केलंय, ढोलाशी नाही!" सगळं पथक हसलं. उल्हासरावांनी डोळे पुसले आणि सही ठोकली.

जाईने त्यांची बाही ओढली. त्यांना नीट दिसावं म्हणून ती समोर उभी राहिली आणि एकेक शब्द तोंड मोठं करून, शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, never mind lah. I teach you."

या वेळी उल्हासरावांना शब्दन् शब्द कळला. त्यांनी टिपरू उचललं, जाईने ताशा गळ्यात घातला, आणि निशिकांत जबाबाचा कागद छातीशी धरून त्यांच्या अंगावर धावून गेला. "अहो, निदान क्लेम मंजूर होईपर्यंत तरी शिकू नका!"