धाकट्याची गोळी

गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवला की आप्पाचा हात हल्ली मध्येच थांबायचा. एवढा सराईत न्हावी, पण जिवाला घोर लागलेला. बाप छातीत कळ येऊन गेला, चुलताही तसाच. म्हणून दोघा भावांनी नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातलं होतं. रक्तातली चरबी उतरवणारं औषध! पण मेख अशी, की काहींना खरी गोळी आणि काहींना नुसती दिसायला तशी. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"या औषधाने कुणाकुणाचे पाय दुखतात, दुखले तर कळवा," नर्स म्हणाली होती. आणि आप्पाचे पाय दुखायला लागले! झालं. दिवसभर उभं राहणाऱ्या या शहाण्याने पक्कं ठरवलं, की खरी गोळी आपल्यालाच मिळतेय. घड्याळं दुरुस्त करणारा धाकटा बिचारा खडू गिळतोय, आणि त्याच्या पदरात दोन कच्चीबच्ची. आप्पाला ना बायको, ना पोर. धाकटा आंघोळीला गेला तसा त्याने दोघांच्या बाटल्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल केली. नव्या बाटल्या आल्या की पुन्हा तेच. तरी मन थाऱ्यावर येईना. जिना चढून धाकट्याला धाप लागली की याचा जीव खालीवर. अरे, औषध लागू कसं पडत नाही?

मग एका दुपारी धाकटा आपल्या घड्याळांच्या दुकानातच छाती धरून कोसळला.

वेळेवर नेलं म्हणून वाचला. डॉक्टरांनी चाचणीवाल्यांकडून गोळी कुठली ते विचारून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यांना खरं औषध चालू होतं, तरी चरबी जराही उतरली नाही. म्हणजे हे यांना लागू पडत नाही. बंदच करू."

म्हणजे खरी गोळी मुळात धाकट्याचीच होती, आणि आप्पानेच ती काढून घेतली होती! गप्प बसला तर धाकट्याचं औषध कायमचं जाणार. "बंद नका करू! त्याची गोळी मी खात होतो," असं म्हणून त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"आप्पा, काय करून बसलात हे!" भावजयीने कपाळावर हात मारला. झटका कदाचित तसाही आला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते कुणाच्याच कानात शिरलं नाही.

खाटेवरून धाकट्याचा खोल गेलेला आवाज आला, "म्हणजे मला खरी देऊन तू मरायला निघाला होतास?"

"तुला पोरं आहेत रे."

"आणि मला भाऊ नको होता? गाढवा, विचारायचंस तरी!"

धाकट्याने जन्मात पहिल्यांदा त्याला गाढव म्हटलं होतं. आप्पा तिथेच स्टुलावर बसून हमसून हमसून रडला.