दोघांनी सोडलेली फट

साहेब, तुम्ही एका म्हातारीला तिच्याच घराबाहेर कोंडलंय. माणसाला आत कोंडणारे पुष्कळ पाहिले, बाहेर कोंडणारे तुम्ही पहिलेच. आज दुपारी तुमच्या माणसाने आमच्या जिन्याला लाल पट्टी आडवी मारली, भिंतीवर शिक्का ठोकला आणि सायकलवर टांग टाकून तो गेला. आमच्या आत्या त्या वेळी खाली बाकावर पत्ते खेळत होत्या. वर कोण राहतं आणि ते आता कुठे आहे, एवढं विचारल्याशिवाय जिना बंद करू नकोस, हे तुम्ही त्याला शिकवलं नव्हतं का?

गुन्हा काय, तर पायऱ्यांचे जोड सरळ नाहीत. नियमात म्हणे ‘जोड सरळ असावा’ असं आहे. नाहीतच सरळ. मी आणि माझ्या नवऱ्याने ते मुद्दाम वळणाचे केलेत. का केले ते आधी ऐका, मग मोडायला या.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. हातातलं त्यांना स्वच्छ दिसतं, पायाखालचं दिसत नाही. जुना जिना कुजला तेव्हा तुमच्या घरदुरुस्ती खात्याने ‘करू, करू’ म्हटलं आणि कूस बदलून परत झोपलं. तेव्हापासून आत्या वर आणि त्यांचा पत्त्यांचा अड्डा खाली. पण खेळ सोडतील तर त्या आत्या कसल्या! खालून जोडीदारीण ओरडायची, “टाक गं!” की खिडकीतून दोरीची टोपली खाली यायची, तिच्यात एक पत्ता. टोपली जमिनीला टेकेपर्यंत सगळ्यांना दिसायचं काय आलंय ते. आत्या रोज हरायच्या आणि रोज टोपलीला शिव्या घालायच्या.

एक दिवस त्यांनी खिडकीतून नवऱ्याला हाक मारली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

“बाळ्या, तू सुतार, तुझी बायको सुतार, आणि मी टोपलीतून पत्ते खेळते. लाज कशी वाटत नाही रे?”

बाळ्याला लाज वाटली. मला राग आला. जिना करायला दोन्ही उपयोगी पडतात.

एका बंद पडलेल्या छापखान्याची लांबलचक टेबलं मोडीत निघाली होती, ती आम्ही उचलली. लाकूड फिकट, जुनं, मुरलेलं. पण फळ्या अरुंद. आमचा जिना वळणारा, पायरी आतल्या टोकाला चिंचोळी आणि बाहेरच्या टोकाला ऐसपैस. एका फळीत पायरी होईना, दोन जोडणं भाग होतं. त्यात फळ्यांच्या कडांना गाठी आणि खिळ्यांची भोकं. सरळ कापत गेलो असतो तर हातात पाट आला असता, पायरी नाही. वळण घेतलं की गाठ चुकते, भोक चुकतं, लाकूड वाचतं. आणि खरं सांगू? हौसही होती. सरळ जोड आम्ही जन्मभर केलेत.

वळणाला फर्मा लागतो. फर्मा म्हणजे प्लायवूडची पाटी, जिच्या कडेकडेने राउटर, म्हणजे लाकूड कापत जाणारं मशीन, फिरवायचं. विकत मिळत नाही, घरीच करावा लागतो. जुन्या पलंगाच्या पाठीचा प्लाय काढला. त्यावर वळण आखायला नवऱ्याने आपली मासे पकडायची काठी आणली. ती शेंड्याकडे बारीक, म्हणून शेंड्याकडे जास्त वाकते आणि बुंध्याकडे कमी. आतल्या टोकाला झपकन वळून पुढच्या कडेला भिडणारी आणि बाहेर संथ जाणारी रेघ, अगदी हवी तशी. त्या काठीने आजवर एकही मासा पकडला नव्हता. निदान वाक तरी पकडला.

आता आमची चूक. लपवायची नाही, कारण तीच कामाला आली.

राउटरचं पातं करंगळीएवढं जाड. ते फिरतं तिथलं लाकूड भुसा होऊन उडतं. म्हणून जोडाच्या दोन्ही फळ्यांना एकच फर्मा चालत नाही. दोन करायचे, आणि त्यातला एक पात्याच्या जाडीएवढा सरकवून काढायचा. दोन्ही नाही, एकच. पहिला फर्मा नवऱ्याने काढला, दुसरा मी. आमच्या संसाराची रीत अशी, की समोरचा विसरणार हे धरूनच चालायचं आणि गुपचूप निस्तरायचं, कारण बोललं की भांडण. मी विसरणार म्हणून त्याने सरकवला. तो विसरणार म्हणून मी सरकवला. मशीन भाड्याचं, संध्याकाळी परत करायचं. एक जोड लावून बघू, एवढीही फुरसत घेतली नाही. सगळ्या पायऱ्या कापून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी दोन फळ्या शेजारी ठेवल्या. जवळ ढकलल्या तर टोकं भिडायची आणि मध्ये फट राहायची. जरा लांब केल्या, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत करंगळीएवढी फट. एकसारखी.

“तू सरकवलास?” नवरा म्हणाला.

“मग? तू विसरला असतास.”

“मी विसरलो असतो? परवा टेप फ्रिजमध्ये कोणी ठेवली होती?”

“आणि बंद मशीन बिघडलं म्हणून तासभर कोण झटत होतं? प्लग तरी लावला होतास का?”

वरची खिडकी उघडली. “भांडून झालं की सांगा रे. टोपली सोडते, दोघांनी बसा तिच्यात.”

हसू आलं, आणि हसल्यावर डोकं चालायला लागलं. फट एकसारखी आहे ना? मग भरता येईल. टेबलांचे पाय काळ्या लाकडाचे होते. त्यांच्या पातळ पट्ट्या काढल्या, किटलीच्या वाफेवर नरम केल्या, सरस लावून एकीला एक चिकटवत फटीत बसवल्या आणि शिकंजे आवळले. वाळल्यावर रंधा मारला. फिकट पायरीतून काळी रेघ अशी निघाली, की नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, “हेच करायचं होतं, असं सांगायचं.”

“सांग. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार!”

जिना उभा राहिला. आत्या वरच्या पायरीशी येऊन थांबल्या. आम्ही दोघं खाली, हात पुढे करून. त्यांनी मान वाकवून पायऱ्या न्याहाळल्या.

“सूनबाई, हे काळं काय आहे?”

मी म्हटलं, आता पडणार शिव्या. “चूक झाली, आत्या. फट भरलीये.”

“गप गं. पायाखालचं दिसतंय मला.”

टाच काळ्या रेघेला, बोटं पुढे, असं पाऊल त्यांनी टाकलं. मग दुसरं. रेघ जिथे कडेला भिडते तिथे पाय मावत नाही, हे त्यांना कोणी सांगायला लागलं नाही. त्या आपल्या रुंद बाजूने, कठड्याला धरून उतरत आल्या. शेवटच्या पायरीवर मला म्हणाल्या, “हात कशाला पसरलेत? मी काय विमान आहे?” आणि थेट बाकावर गेल्या. पहिला डाव जिंकल्या. दुसऱ्यात पत्ता लपवताना सापडल्या. गल्लीत इतका आरडाओरडा कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

आज तुमचा माणूस आला. माणूस वाईट नाही, हेही लिहिते. त्याने पायरीवर उड्या मारून बघितल्या. पायरीने हूं की चूं केलं नाही.

“मजबूत आहे,” तो म्हणाला, “पण वाकडा आहे.”

“वाकडाच केलाय.”

“मलाही आवडला हो. पण वर विचारावं लागेल.”

“वर म्हणजे?”

“साहेबांना.”

“ते कधी सांगतील?”

“ते सांगत नसतात,” तो म्हणाला आणि पट्टी लावायला लागला.

डाव संपवून आत्या आल्या तेव्हा तो गेला होता. मी म्हटलं, “आत्या, वाका जरा, पट्टीखालून जाऊ.” तर म्हणाल्या, “माझ्या घरात मी चोरासारखी वाकून शिरू? ज्याने लावली त्याने काढावी.” आमच्या घरीही येईनात, परत बाकावर जाऊन बसल्या. जोडीदारणीने उशी आणून दिलीये. नवरा चादर आणायला गेलाय. अड्डा रंगलाय, तोंडी लावायला सगळ्यांना तुम्हीच आहात. पण त्यांच्या डोळ्यांचं औषध वर आहे, अंथरूण वर आहे, आणि दिवे लागायची वेळ झालीये.

जोड सरळ की वाकडा, तो वाद आपण नंतर घालू. मी कुठे पळून जात नाही. आत्ता मला एवढंच सांगा. लेखी नको, माणसाकरवी नको, स्वतः इथे या आणि बाकापुढे उभं राहून, आत्यांच्या तोंडावर सांगा: आज त्यांनी झोपायचं कुठे?